उतरता सूर, चढता सूर : घरच्या संगणकावरील एका नकोशा आवाजाचे प्रकरण

साताऱ्यातील माझ्या मामांच्या घरचा संगणक डिसेंबर २०२३ पासून मधूनच, कोणी हात लावलेला नसतानाही, ‘टुडुंग’ असा आवाज करू लागला, आणि तो आवाज नेमका कशाचा हे कळायला २४ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली. मधल्या दोन-अडीच महिन्यांत संगणकात व्हायरस असल्याचे निदान झाले, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून झाले, सेटिंगमध्ये जाऊन आवाजच बंद करून झाला, इंटरनेटवाल्याशी दोनदा वाद झाला आणि शेवटी मामांच्या पाच दिवसांच्या लिखाणावर पाणी पडले. माझा धंदा संगणक दुरुस्तीचा नाही. मात्र कचेरीत कोणाचे यंत्र रुसले की ते माझ्याच टेबलावर येते, त्यामुळे हे प्रकरणही नात्याने आणि सवयीने माझ्याकडे आले. त्यातली एक चूक माझीही आहे आणि ती मी पुढे ओघात सांगणार आहे, कारण निदानाची वाट तिच्याचमुळे लांबली.

घरातील मांडणी

संगणक २०१८ मध्ये जुळवून घेतलेला, आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० असा आहे. घरोघरी ज्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात त्याला पुढे दोन आणि मागे चार यूएसबी पोर्ट आहेत. मागच्या चारांपैकी दोन निळ्या रंगाचे, म्हणजे यूएसबी ३.० चे, आणि बाकी सगळे काळे, म्हणजे यूएसबी २.० चे. कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर पहिल्यापासून मागे जोडलेले होते. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि गेली तीन वर्षे आपल्या गावचा इतिहास मराठीत टंकत आहेत. त्यांच्या गुडघ्याचे दुखणे वाढल्यावर २०२३ च्या दिवाळीत टेबलाखाली वाकणे बंद झाले, म्हणून घरात चार पोर्टांचा एक साधा हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे चार करणारी डबी, आला. तो डबल टेपने टेबलाच्या कडेला चिकटवून त्याची वायर पुढच्या पोर्टात घातली गेली, आणि वाकून काढाव्या-घालाव्या लागणाऱ्या सगळ्या वस्तू या हबवर आल्या : वेबकॅम, वायफायचे डोंगल आणि गाणी, फोटो, कागदपत्रे ठेवण्याची पोर्टेबल हार्ड डिस्क. चौथा पोर्ट पेन ड्राइव्हसाठी मोकळा राहिला.

डिसेंबरमध्ये मामेबहीण जर्मनीहून सुट्टीला आली. वडिलांचे सगळे लिखाण एकाच यंत्रात आहे हे पाहून तिने विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय त्या पोर्टेबल डिस्कवर चालू करून दिली. ही सोय ठरावीक काळाने बदललेल्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवते आणि वेगळे काही निवडले नाही तर हा काळ एक तासाचा असतो. बहीण परत गेली आणि त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. साहजिकच ‘हिनं जाताना काहीतरी करून ठेवलंय’ असे मामांचे मत पडले. ते निम्मे खरे होते, आणि उरलेले निम्मे खरे टेबलाच्या कडेला डबल टेपने चिकटवलेले होते, ज्याच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही, कारण हब येऊन महिना झाला होता आणि त्या महिन्यात तो मुकाट्याने चालला होता.

आवाज बंद केला तेव्हा काय झाले

जानेवारीत ओळखीच्या दुकानातून एक तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने अँटिव्हायरसची तपासणी चालवली. काही सापडले नाही, तरी ‘आत काहीतरी असणार’ असे सांगून तो गेला. दुसऱ्यांदा त्याने फॉरमॅटचा सल्ला दिला, मामांनी लिखाणाच्या काळजीपोटी तो नाकारला, तेव्हा त्याने आवाजाच्या यादीत जाऊन ‘विंडोज डिफॉल्ट’ ऐवजी ‘नो साउंड्स’ ही योजना निवडली. एका क्षणात घर शांत झाले आणि त्याला त्याचे पैसे मिळाले.

या कृतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते त्या मुलावरच्या रागातून आलेले नाही, कारण दहापैकी नऊ घरांत लोकांना हेच हवे असते. विंडोजमधला प्रत्येक आवाज एखाद्या विशिष्ट घटनेला बांधलेला असतो. त्या घटनेचे नाव यादीत लिहिलेले असते आणि ‘नो साउंड्स’ निवडल्याने फक्त घटना आणि आवाज यांच्यातली गाठ सुटते. घटना घडायची थांबत नाही. मामांच्या घरी तसेच झाले. ‘टुडुंग’ थांबले, पण मुलीशी व्हिडिओवर बोलताना चित्र मध्येच गोठायचे, पाच-दहा सेकंदांनी वायफाय परत जोडल्याचा निरोप यायचा आणि बोलणे जिथे तुटले तिथून पुन्हा सुरू करावे लागायचे. आवाज चालू असता तर हे गोठणे आणि तो ‘टुडुंग’ एकाच वेळी होतात हे मामींच्या कानांनी पहिल्याच आठवड्यात टिपले असते. आवाज नसल्यामुळे खापर इंटरनेट देणाऱ्यावर फुटले.

९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मामांनी एका प्रकरणाच्या फाइलवर दुसऱ्याच प्रकरणाचा मजकूर चिकटवला, फाइल साठवली आणि बंद केली. फाइल हिस्टरी आहे म्हणून ते निश्चिंत होते. जुन्या आवृत्त्या उघडल्या तेव्हा शेवटची प्रत ४ फेब्रुवारीची निघाली. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांचे लिखाण गेले होते आणि रात्री साडेनऊला मला फोन आला.

माझी चूक

शनिवारी, १० तारखेला, दुरून संगणक पाहण्याच्या सोयीने मी मामांचा पडदा माझ्याकडे उघडला. सर्वप्रथम ‘विंडोज डिफॉल्ट’ योजना परत लावली आणि तासाभरात तो आवाज मी फोनवरून ऐकला. आधी उतरता, मग काही सेकंदांनी तुटक तुटक दोन-तीनदा चढता. हा यूएसबीचे उपकरण सुटल्याचा आणि पुन्हा जोडले गेल्याचा आवाज आहे हे मी ओळखले, आणि इथपर्यंत सगळे बरोबर होते.

यापुढे मी जे केले ते अनुमानाने केले. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवते आणि त्यातून उठताना काही उपकरणे गडबडतात, हा माझा कचेरीतला अनुभव होता. म्हणून पॉवर ऑप्शन्समधली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय मी बंद केली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘रूट हब’च्या (हा टेबलावरचा हब नव्हे, संगणकाच्या आतला, ज्यातून यूएसबीचे पोर्ट निघतात तो) नावावर जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकली. हा उपाय खोटा नाही. पुष्कळ ठिकाणी तो लागू पडतो. रविवारी दिवसभर आवाज आला नाही, तेव्हा मी मामांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की प्रश्न सुटला.

सोमवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी मामींचा फोन आला. “अरे, तुझं टुडुंग परत आलंय.”

मामींची वही

आता अंदाज पुरे असे ठरवून मी मामींना एक काम दिले. आवाज आला की घड्याळ पाहून वेळ वहीत लिहायची, त्या वेळी संगणकावर काय चालले होते ते एका ओळीत लिहायचे आणि आवाज कसा होता तेही लिहायचे. मामी भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या वहीतल्या नोंदी मी शब्दशः पाहिल्या आहेत : ‘सोम. ११.१०, उतरता नि मग चढता, हे टाइप करत होते.’ ‘सोम. १२.११, तसाच, मी फोनवर.’ ‘सोम. दुपारी बंद. ५.४० तसाच. ६.४१ तसाच, पोरीचा फोन तुटला.’ ‘मंगळ. १०.२५ तसाच. १०.५० वेगळा, एकच सूर, लांब, लाइट गेले होते.’ ‘बुध. ११.०२ टिंग, बारीक, कोपऱ्यात राशिभविष्य आले.’ आठवडाभर असे चालले आणि शेवटचा रकाना होता : ‘रवि. १८, नाही.’

ज्याला घरातले सगळे इतके दिवस ‘तो आवाज’ म्हणत होते ते प्रत्यक्षात तीन आवाज होते, हे या वहीने पहिल्यांदा दाखवले. लांब एकसुरी आवाज संगणकाचा नव्हताच; तो शेजारी जमिनीवर ठेवलेल्या यूपीएसचा होता, जो वीज गेली की बॅटरीवर चालतो आणि तसे ओरडून सांगतो. बारीक ‘टिंग’ हा ब्राउझरचा होता, कारण मामांनी कधीतरी राशिभविष्याच्या एका संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी देऊन ठेवली होती. ती ब्राउझरच्या सेटिंगमधून काढली आणि तो विषय दोन मिनिटांत संपला. मामांच्या टंकण्यातून चौथाही एक आवाज अधूनमधून निघत असे, तो नोंदीत नव्हता पण मी नंतर ऐकला. ते इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकतात; त्यात ख, घ, छ, झ अशी अक्षरे शिफ्ट दाबून उमटतात, आणि अक्षर आठवेपर्यंत शिफ्टवर बोट आपटत राहण्याची त्यांना सवय आहे. मध्ये दुसरी कोणतीही कळ न दाबता शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ (दोन कळा एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबण्याची सोय) चालू करायची का असे आवाज करून विचारते. ‘नाही’ म्हटले की तात्पुरते जाते, आणि कायमचे घालवायचे असेल तर त्याच खिडकीतल्या दुव्यावरून ती झटपट कळ बंद करता येते.

हे तीन बाजूला काढल्यावर उरला तो उतरता-चढता आवाज, आणि त्याच्या वेळांमध्ये तासाचे अंतर उघड दिसत होते. घड्याळातला मिनिटकाटा रोज वेगळा होता, पण संगणक चालू असताना एका आवाजापासून दुसरा साधारण तासाने येत होता. तासाने घडणारी गोष्ट म्हटल्यावर फाइल हिस्टरीकडे बोट जात होते. मात्र फाइलींची प्रत काढण्याने यूएसबी उपकरण सुटावे का, हे काही केल्या जुळेना.

आणि रविवार? त्याबद्दल मामींना विचारले तर त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळी यांची नाट्यगीतं असतात, तेवढ्यापुरताच लावतात संगणक.” मला वाटले की गाण्यांच्या आवाजात ‘टुडुंग’ बुडत असणार. हे अगदी पटण्यासारखे स्पष्टीकरण होते आणि पूर्ण चुकीचे होते.

सातारा, २४ फेब्रुवारी

वहीचा आठवडा संपल्यानंतरच्या शनिवारी मी प्रत्यक्ष गेलो. पहिले काम आवाजाची ओळख पक्की करण्याचे होते. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘साउंड्स’ निवडले की घटनांची लांबलचक यादी उघडते. विंडोज ११ असेल तर हीच यादी सेटिंग्जमधील साउंड विभागात शेवटी असलेल्या ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ मधून मिळते. ज्या घटनेपुढे छोटे स्पीकरचे चिन्ह असते तिला आवाज दिलेला असतो आणि ‘टेस्ट’ कळ दाबली की तो वाजतो. मामींना खुर्चीत बसवले आणि एकेक आवाज वाजवत गेलो. ॲस्टरिस्क, “नाही.” क्रिटिकल स्टॉप, “नाही.” डिव्हाइस कनेक्ट, “हा शेवटचा अर्धा.” डिव्हाइस डिस्कनेक्ट, “आणि हा पहिला.” डोळे मिटूनच त्या सांगत होत्या. या दोन आवाजांच्या फाइली सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत मीडिया नावाच्या फोल्डरात असतात आणि त्यांची नावे अनुक्रमे ‘विंडोज हार्डवेअर इन्सर्ट’ आणि ‘विंडोज हार्डवेअर रिमूव्ह’ अशी आहेत, त्यामुळे शंका उरली नाही.

मग कोणते उपकरण सुटते ते पाहायचे होते. हे ऐकून कळत नाही, कारण पेन ड्राइव्ह सुटला काय आणि कॅमेरा सुटला काय, आवाज एकच असतो. पण विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवत असते. स्टार्टवर उजवी कळ दाबून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला, ‘विंडोज लॉग्ज’ मधील ‘सिस्टिम’ निवडले आणि १५७ क्रमांकाच्या नोंदी गाळून घेतल्या. हा क्रमांक डिस्क न सांगता-सवरता काढली गेल्याच्या घटनेचा आहे. नोंदी भराभर पडद्यावर आल्या. त्यांच्या वेळा आणि मामींच्या वहीतल्या वेळा मी शेजारी ठेवून लावल्या. मिनिटभराच्या फरकाने त्या तंतोतंत जुळल्या. सुटत होती ती पोर्टेबल डिस्क, आणि तिच्याबरोबर त्याच हबवरचे वायफाय आणि कॅमेरा.

या यादीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जानेवारीत आवाज बंद केल्यानंतरच्या सगळ्या आठवड्यांतही १५७ च्या नोंदी तशाच चालू होत्या; त्या काळात रोज चार-पाच वेळा डिस्क सुटत होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट रविवारची. ७, १४, २१, २८ जानेवारी, ४, ११, १८ फेब्रुवारी, यांपैकी एकाही तारखेला नोंद नव्हती. गाण्यात आवाज बुडत नव्हता. रविवारी डिस्क सुटतच नव्हती. आणि तेव्हा मला ते आठवले जे मी दोन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहूनही वाचले नव्हते : मामांच्या हरवलेल्या फाइलच्या ज्या जुन्या आवृत्त्या शिल्लक होत्या त्या सगळ्या रविवारच्या तारखांच्या होत्या.

नाट्यगीते त्याच पोर्टेबल डिस्कवर होती. रविवारी सकाळी गाणी वाजत असताना ती डिस्क अखंड फिरत असे. इतर दिवशी तिला काम नसे. अशा डिस्का काही वेळ काम मिळाले नाही की फिरणे थांबवून झोपतात, आणि दर तासाला फाइल हिस्टरी तिला दारावर थाप मारून उठवत असे. सुटणे व्हायचे ते या उठण्याच्या क्षणी. मी दहा तारखेला केलेला उपाय अकराला लागू पडल्यासारखा दिसला, कारण अकरा तारीख रविवार होती. त्या शांततेशी माझा काही संबंध नव्हता.

तर्क कितीही पटला तरी तो हवा तेव्हा घडवून दाखवता यायला हवा. आम्ही डिस्कला अर्धा तास कोणी हात लावू नये असे ठरवले आणि चहा घेतला. नंतर मामींना डिस्कच्या पाठीवर बोट ठेवायला सांगितले. “गार आहे, हलत नाही,” त्या म्हणाल्या. मी सेटिंग्जमधील बॅकअपच्या पानावरची ‘बॅक अप नाऊ’ ही कळ दाबली. बोटाखाली डिस्क थरथरली, त्याच क्षणी उतरता सूर वाजला, वेबकॅमचा दिवा विझला, थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली आणि तुटक चढते सूर आले. पुन्हा अर्धा तास थांबून पुन्हा केले, पुन्हा तेच. मग मामांच्या देखरेखीखाली टेबलाखाली शिरून डिस्क तिच्या स्वतःच्या वायरने मागच्या निळ्या पोर्टात जोडली, अर्धा तास थांबलो आणि कळ दाबली. बोटाखालची थरथर वाढत जाऊन स्थिरावली. आवाज आला नाही.

वीज कमी कशी पडली

डिस्कच्या पाठीवरच्या पट्टीवर बारीक अक्षरात ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ असे छापलेले आहे. यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर, देण्यास बांधील असतो, आणि ३.० चा ९०० मिलिअँपिअर. ज्या हबला भिंतीतून स्वतःची वीज मिळत नाही तो संगणकाकडून मिळालेल्या त्या अर्ध्या अँपिअरचीच वाटणी करतो. प्रमाणानुसार अशा हबच्या प्रत्येक पोर्टाच्या वाट्याला १०० मिलिअँपिअर येतात आणि उरलेले हब स्वतःसाठी वापरतो. व्यवहारात पोर्ट याहून थोडे अधिक ओढू देतात, म्हणूनच मामांची डिस्क त्या हबवर मुळात चालत तरी होती. एकदा फिरू लागलेली तबकडी फिरती ठेवायला कमी वीज लागते. स्थिर तबकडीला गती देताना मात्र सर्वांत जास्त लागते. पाणी ओढायचा पंप चालू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात तेच इथे ५ व्होल्टच्या पातळीवर होत होते. दाब खाली गेला की हब स्वतःच नव्याने सुरू होई, आणि त्याच्यावरचे सगळे बिऱ्हाड एकदम सुटून पुन्हा एकेक करून जोडले जाई. डिस्क परत दिसू लागेपर्यंत बॅकअपचा तो प्रयत्न फसलेला असे, आणि पुढच्या तासापर्यंत डिस्क पुन्हा झोपलेली.

दिवाळीनंतरचा महिना शांत का गेला, याचेही उत्तर यातच आहे. तेव्हा डिस्कला काम असायचे ते रविवारीच, गाण्यांसाठी, आणि गाणी चालू असताना ती अखंड फिरत असल्यामुळे झोपेतून उठवण्याची वेळच येत नसे. हब आणि फाइल हिस्टरी, दोन्हीपैकी एकटे काहीच बिघडवत नव्हते. मामेबहिणीवरचा ठपका त्या दिवशी रीतसर मागे घेण्यात आला, व्हिडिओवर, न तुटता.

जाता जाता एक सांगतो. अशा प्रसंगी काही संगणकांवर ‘पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट’ असा निरोप येतो आणि लोक तो वाचून घरच्या विजेचा दाब वाढला असे समजतात, स्टॅबिलायझर आणायला धावतात. त्या निरोपाचा अर्थ एवढाच असतो की त्या पोर्टाला जोडलेले काहीतरी त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वीज मागत आहे. मामांच्या यंत्रावर तो आला नाही.

काय बदलले

डिस्क आता डब्याच्या माथ्यावर वेल्क्रोने बसवलेली आहे आणि तिची आखूड वायर मागच्या निळ्या पोर्टात कायम जोडलेली आहे. तिला काढण्या-घालण्याची गरजच नसल्यामुळे गुडघ्याचा प्रश्न येत नाही. हब टेबलाच्या कडेला आहे तिथेच आहे, कॅमेरा, डोंगल आणि पेन ड्राइव्हपुरता. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा असे मी सुचवले होते, पण एक्स्टेन्शन बोर्डात जागा नाही या कारणाने मामांनी ते नाकारले, आणि हलक्या उपकरणांपुरते तूर्त त्यांचे बरोबर आहे. इतक्या वेळा लिहिता लिहिता सुटलेल्या डिस्कमध्ये काही बिघडले आहे का हे तिच्या प्रॉपर्टीजमधील ‘टूल्स’ पानावरून तपासून घेतले. सुदैवाने दोष निघाला नाही. यूएसबीच्या वीज बचतीच्या ज्या सोयी मी घाईने बंद केल्या होत्या त्या मी परत चालू केल्या, कारण निरुपयोगी ठरलेला उपाय यंत्रात तसाच ठेवला तर पुढच्या तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

आवाजांच्या यादीतून मात्र बरेच काही काढले. घरातल्या माणसांना उपयोग नसलेल्या घटनांसमोर ‘नन’ निवडले, आणि उपकरण जोडल्याचा, सुटल्याचा आणि जोडता न आल्याचा असे तीन आवाज ठेवून ही निवड ‘सेव्ह ॲज’ ने वेगळ्या नावाने साठवली. मामांनी त्या योजनेचे नाव ‘घर’ ठेवले आहे.

एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा साताऱ्याला गेलो तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २४ फेब्रुवारीनंतर १५७ ची एकही नोंद नव्हती आणि मामांच्या फाइलींच्या आवृत्त्या आठवड्याच्या सगळ्या वारांच्या होत्या. गेलेली पाच दिवसांची पाने त्यांनी मार्चमध्येच पुन्हा टंकून काढली होती. दुसऱ्यांदा लिहिताना प्रकरण जास्त चांगले जमले असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मामींचे तसे नाही. यूपीएसची बॅटरी बदलायला मी फेब्रुवारीतच सांगितले होते, कारण वीज गेल्यावर ती जेमतेम दोन मिनिटे टिकते. ती अजून बदललेली नाही. मामांच्या हिशेबाने ती दिवाळीपर्यंत जाते, आणि तो लांब एकसुरी आवाज वहीत लिहिणे मामींनी आता सोडून दिले आहे.